अठरा दिवसांचं वाळवण

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि आता ते राहिले नाहीत. तुम्हालाच का सांगतेय, कोण जाणे. बसा जरा.

माझी नणंद शकू. लग्न मोडून माघारी आलेली, आमच्याकडेच कसब्यात राहायची. तिचं डोकं उन्हाशी बांधलेलं होतं जणू. एरवी शांत, आपण बरी की आपलं काम बरं. उन्हं तापली की झोप उडायची — आणि मग ती वेगळीच कुणी व्हायची. डॉक्टरांनी मलाच बजावलं होतं, "झोप उडाली की दोन दिवसांत आणा. गोळी वाढवली की घरीच निभावेल. उशीर नको."

सोपं होतं, नाही का?

पण — कसं सांगू — त्या सुरुवातीच्या दिवसांत ती राबायची हो. पहाटेच गव्हाचा चीक शिजवायची, उन्हं वर यायच्या आत शंभरेक कुरडया गच्चीवर. मग पापड, सांडगे. थकणं नाही, जेवणाची शुद्ध नाही. शेजारीण म्हणायची, "काय हो, यंदा बायका लावल्यात वाटतं?" मी हसायचे. आणि दरवर्षी तिला थोडं उशिरा नेऊ लागले. आधी तीन दिवस, मग सहा.

त्या वर्षी अठरा.

शेवटी शेवटी वाळवणावर कावळेही येईनासे झाले होते. एक दिवस भर बाराला वर गेले, तर ही गच्चीच्या मधोमध अनवाणी उभी, पायांकडे बघत. वैशाखात ऊन थेट डोक्यावर येतं, सावली पायाखाली जाते — मला काय ठाऊक नव्हतं? तरी अंगावर काटा आला.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "माझी सावली कुठं ठेवलीत?"

तळव्यांना टरारून फोड आले होते. तिला पत्ताच नव्हता.

आणि मी — तिला खाली न्यायच्या आधी मी कुरडया वाळल्या का, ते चाचपून पाहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "परवापासून." शकू शेजारीच बसली होती. "वहिनी म्हणतात म्हणजे परवापासूनच," म्हणाली आणि हसली. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

इस्पितळातून ती घरी आली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. नंतर सगळे ऋतू तिला सारखेच झाले. भर पावसातही खाली बघत चालायची, काहीतरी शोधत. अशी एकवीस वर्षं.

लोकांना वाटलं, माझ्या लक्षात आलं नसेल. आलं होतं. मी रोज दिवस मोजत होते.