चौदा दिवसांच्या गोळ्या

डॉक्टरनं पोट कापलं नाही अन् गोळ्या देऊन घरी धाडलं, की आमच्या गावात माणूस समजून जातो: याची आशा सोडली. मीही तसंच समजलो.

अहेरीहून एस.टी. बदलत नागपूरला गेलो होतो. दुर्बीण घालून पोटातला तुकडा काढला, तर निघाला कॅन्सर. मी म्हटलं, "कापा. मी भीत नाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पोटात जंतू आहेत. त्यांच्याच जोरावर ही गाठ वाढली. आधी जंतू मारू. अशी गाठ बऱ्याचदा तेवढ्यानंच विरते. नाही विरली, तर पुढचं पाहू."

कॅन्सर, अन् गोळ्यांनी? म्हाताऱ्याला समजावून राह्यली, असं वाटलं.

घरी येताच खुंटीवरचं मासे धरायचं जाळं काढून धाकट्या भावाला दिलं. जितेपणी जाळं देणं म्हणजे काय, हे ढिवराच्या घरी सांगावं लागत नाही. बायको रडली नाही, भडकली.

"आता गोळ्या बी त्यालेच दे. त्याचं पोट तरी साफ होईन! डॉक्टरीण खोटी असन तर नागपूरले जाऊन भांड. इथी चौदा दिवस तोंड उघड."

उघडलं. तोंडात लोखंडाची चव, मासा खिळ्यासारखा लागे. पण एक गोळी चुकवली नाही. डॉक्टरीण खोटी ठरवायची होती ना.

तीन महिन्यांनी नागपूरला पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं, तर जंतू गेले होते, गाठ होती. "पाह्यलं?" मी म्हटलं.

"धीर धरा, भाऊ. तिचं खाणं आता बंद झालं."

तलावात येणारा नाला बांधला तरी तलाव त्याच दिवशी आटत नाही. हे मला तरी कळायला हवं होतं.

पुढच्या खेपेला गाठ लहान झालेली. वर्ष उलटल्यावर काढलेल्या तुकड्यात काहीच निघालं नाही. तेव्हा बाईंना सांगितलं, "मी समजलो होतो तुम्ही हात टेकले." त्या हसल्या. दरसाल दाखवायला या म्हणाल्या. जातो. वाळवलेले झिंगे नेतो. त्या मासे खात नाहीत, तरी नेतो.

जाळं मात्र मी मागितलं नाही. दिलेली वस्तू मी मागत नाही. तलावाच्या पाळीवर बसून भावाला जाळं फेकताना पाहायचो. राहवायचं नाही. एकदा असाच ओरडलो.

"अरे, उघडून नाई राह्यलं ते!"

"मंग तू फेक ना दादा. वर्षभर काऊन नुसता बोंबलून राह्यला?"

कमरेइतक्या पाण्यात उतरलो. फेकलं. पुरतं उघडलं. मागं वळून पाहिलं, तर भाऊ घराकडे निघाला होता, रिकाम्या हातानं.