काडेपेटीतली कात

नलूताईंच्या घरी चहा करायचा तर काडेपेटी जपून उघडावी लागे. काडी निघेलच याची खात्री नाही. पाठ उसवलेला एखादा पोकळ किडा मात्र हमखास निघायचा. मी किंचाळले की त्या आतून ओरडायच्या, "खाणार नाय तुला! रिकामाच हाय तो!"

रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या बाई पेणच्या रामवाडीत आमच्या शेजारी राहायच्या आणि जिते गावच्या तळ्यात गुडघाभर चिखलात उभ्या राहून चतुर किड्यांच्या काती गोळा करायच्या. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, गवतावर चढतं, पाठ फाडून बाहेर पडतं नि उडून जातं. मागे राहते ती कात. भिंगातून तिचा जबडा, शेपटीचे काटे बघून त्या चतुर ओळखायच्या. "उडणारा चतुर पाहुणाही असेल गो. कात म्हणजे जन्मदाखला!"

देवाधर्माशी त्यांचं हाडवैर. तळ्यात विसर्जन नको म्हणून दरवर्षी भांडायच्या, तेही गणपतींच्या पेणमध्ये! "रंगानं माझी पिल्लं मरतात," म्हणायच्या. बायका पदराआड हसायच्या.

मग तळं बुजवून सभागृह बांधायचा ठराव आला. नलूताई सगळ्या काडेपेट्या घेऊन ग्रामसभेत गेल्या; पिशवी धरायला मी. सरपंचांनी एक कात चिमटीत धरली. "बाई, हे तर मेलेले किडे."

"मेलेले नाय, मोठे होऊन उडालेले! ह्याच तळ्यात जन्मलेले!"

सभा खो खो हसली. नलूताईंचे डोळे भरले. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. "तलाव बुजवलात तर गणपती कुठं न्यायचं?"

ठराव तिथंच बारगळला.

रिक्षातून उतरताना नलूताई म्हणाल्या, "म्हणजे आता विसर्जन चालू राहायलाच हवं. काय गो हे!"

त्या वर्षी त्यांनी घरी गणपती आणला. वीतभर, शाडूचा, बिनरंगाचा. आरतीला टाळ्या वाजवल्या, पण तोंड मिटून. मग जित्याच्या तळ्यावर नेऊन काठाशी अलगद सोडला आणि तिथल्या बायकांना हक्कानं दटावलं, "पुढल्या वर्षी शाडूचाच आणा गो!" आता त्यांचं ऐकायला लागल्या बायका. मरेपर्यंत नलूताईंनी एकही वर्ष चुकवलं नाही.

आता तो गणपती मी आणते. चतुरांसाठी गणपती बसवणारी अख्ख्या पेणमध्ये मी एकटीच असेन. यंदा निरांजन लावायला त्यांच्या घरून आणलेली काडेपेटी उघडली, तर आत कात! मी किंचाळले.

आतून कुणी ओरडलं नाही.