काच नसलेला फोटो

वडील ब्रह्मदेशाच्या लढाईत मारले गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. घरात त्यांचा विषय निघाला की मोठी माणसं माझ्याकडे बघत, पोर कासावीस झाली असेल म्हणून. खोटं कशाला बोलू, मला काही वाटत नसे. न पाहिलेल्या माणसाची आठवण यावी कशी?

त्यांच्या वस्तू एका पत्र्याच्या ट्रंकेत होत्या आणि ती ट्रंक आईच्या ताब्यात असे. पलटणीतल्या पगाराचं पेबुक, सरकारी तार, पदकाची डबी आणि सेन्सॉरने जागोजाग काळी शाई फासलेली पत्रं. पाऊस सरून ऊन तापायला लागलं की आई कल्याणच्या घराच्या अंगणात जुनं लुगडं अंथरी, त्यावर एकेक कागद पसरी आणि उडू नये म्हणून वर वाटी, पळी, अडकित्ता असं काहीबाही ठेवी. मग स्वतः कावळे हाकलत बसे. संध्याकाळी कडुलिंबाचा वाळलेला पाला मधेमधे घालून सगळं पुन्हा जिथल्या तिथे. कधी कसर लागली नाही की वाळवी. पत्रं सगळी आजोबांच्या नावाने होती, कारण बायकोला थेट पत्र लिहायची आमच्यात तेव्हा पद्धत नव्हती. शेवटी 'मंडळींची प्रकृती कशी आहे?' एवढं विचारलेलं असायचं. मंडळी म्हणजे आमची आई. त्या एका ओळीसाठी ती दिवसभर उन्हात बसायची, आणि मी मनात म्हणायची, हौस असते एकेकाला.

फोटो मात्र आजीच्या ताब्यात. वडिलांचा चेहरा दिसेल असा तो एकच होता. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांमागून नाकाचा शेंडा तेवढा दिसे. हा लढाईवर निघण्यापूर्वी ठाण्याला स्टुडिओत काढलेला, अंगात गणवेश, भांग नीट पाडलेला. तो देवघराशेजारी भिंतीवर असे. देवांची पूजा झाली की आजी उरलेलं गंध काचेवरून त्यांच्या कपाळाला लावी. कालचं ओल्या फडक्याने पुसायचं, आजचं लावायचं. यात कधी खंड नाही.

आजोबा गेल्यावर काकांनी डोंबिवलीला दोन खोल्या घेतल्या. सामान बैलगाडीतून आलं आणि वाटेत त्या फोटोची काच फुटली. काकांनी लगेच मापाची नवी काच कापून आणली, पण आजी फोटो हातचा सोडीना.

"राहू दे रे," ती म्हणाली. "काच नाही तेच बरं. आता हाताला लागतो."

दुसऱ्या दिवसापासून गंध थेट फोटोवर लागू लागलं, आणि ओलं फडकंही. आधी कपाळावर एक पांढुरका डाग दिसू लागला. मग पावसाळ्यात कागद दमटला आणि तिथला पापुद्रा सुटला. भांग गेला, एक भुवई गेली. आई स्वयंपाकघरातून बघायची. भाजी निवडता निवडता तिचे हात थांबायचे आणि पुन्हा चालू लागायचे. सासूला उलट बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तरी एका सकाळी ती उठून देवघराशी गेली.

"सासूबाई, रोज पुसू नका ना. चेहरा चाललाय त्यांचा. हिला बघायला काही उरणार नाही."

आजीने फडकं पिळलं. "मग काय, माझ्या मुलाला पारोसा ठेवू? तिकडे कोणी अंघोळ घातली असेल का गं त्याला?"

आई परत येऊन भाजीला बसली. मी शेजारीच जेवत होते. दोघींपैकी कोणाचीच चूक मला दिसेना, म्हणून मी जेवत राहिले. नवी काच कपाटामागे तशीच उभी राहिली.

मी मॅट्रिकला होते तेव्हा आजी गेली. त्या वेळी फोटोत गणवेशाची बटणं लख्ख होती, खिशाचे टाकेसुद्धा मोजून घ्यावेत असे, आणि कॉलरच्या वर पिवळट कोरा कागद. तेरावा झाल्यावर आईने फोटो उतरवला, मऊ फडक्यात गुंडाळला आणि ट्रंकेत पत्रांवर ठेवला. आजीबद्दल ती वाकडा शब्द बोलली नाही. मलाच काय वाटलं कोण जाणे, जन्मात कधी न विचारलेलं मी तेव्हा विचारलं.

"कसे दिसायचे गं ते?"

आईचा हात ट्रंकेच्या झाकणावर होता. लग्नानंतर जेमतेम काही महिने ते घरी होते, आणि वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडे मान वर करून बघायची सोय नव्हती.

"फोटोत होते तसेच," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "तू लहानपणापासून बघत होतीस ना फोटो? सांग बघू कसे होते."

डोळे मोठे होते, मी म्हटलं. ती म्हणाली, हो. भुवया जाड होत्या. हो. मग मला पुढचं आठवेना, पण ती थांबून राहिली होती. हनुवटीवर तीळ होता, असं मी आपलं मनचंच सांगितलं.

"हो," आई म्हणाली. "होता."