आमच्या वर्गात परदेशी कोणी नाही

सिंकखाली प्लास्टिकच्या पिशव्या जमतात ना, तसे हे किस्से माझ्याकडे जमलेत. एकही मी मुद्दाम आणलेला नाही आणि एकही टाकवत नाही. नाशिकहून कोणी ड्रेस्डेनला आमच्याकडे आलं, चहा झाला, की ठरलेला प्रश्न येतो, "जर्मन लोक कसे गं असतात?" आता मला काय माहीत! मी ओळखते ती पंधरा वर्षांची सव्वीस पोरं. माझी मुलगी सानिका जिथे शिकायची, त्याच शाळेत आठवड्यातून तीन दुपारी मी तिच्याच नववीच्या वर्गाचं गणित घ्यायचे. पगार शून्य, कॉफी फुकट. बी.एस्सी. मॅथ्सचं तेवढं तरी चीज झालं.

गणित सोडवता सोडवता पोरं काहीबाही बोलायची. सुरुवातीला मला जाम हसू यायचं. घरी येऊन नवऱ्याला, नितीनला, नक्कल करून दाखवायचे. नंतर ते हसू कुठे आटलं, कळलंच नाही.

*

त्यांचे समाजशास्त्राचे शिक्षक होते हेर फोग्ट, म्हणजे आपले फोग्ट सर. अगदी सज्जन माणूस. सायकलवरून यायचा, आवाज कधी चढवायचा नाही. एकदा त्यांनी फळ्यावर युरोपचा नकाशा लावला आणि सांगितलं, प्रत्येक देशासाठी एकच शब्द लिहा.

इटली आळशी, इंग्लंड दारुडे, फ्रान्स शिष्ट. पोलंडवर तर पोरांची झुंबड उडाली आणि सगळ्यांनी एकच शब्द लिहिला, गाडीचोर. जर्मनीसाठी मात्र एका शब्दात भागेना. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, सगळं हवं!

हेर फोग्टनी विचारलं, पोलंडला कोण कोण जाऊन आलंय? बरेच हात वर झाले. सीमा काही लांब नाही आमच्यापासून. पुढचा तास माझा, म्हणून मी मागे बसले होते. राहवेना, म्हणून विचारलं, कशाला जाता रे?

लुकास नावाचा मुलगा म्हणाला, "पेट्रोल भरायला. तिकडे स्वस्त आहे."

"गाडी घेऊन?"

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, तो म्हणाला. सगळ्या वर्गात कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

*

त्याच वर्षी पोलंडहून वीस मुलं आठवडाभर राहायला आली. ती यायच्या आदल्या दिवशी सायकल स्टँडवर बघते तर काय, एकेका सायकलला दोन-दोन कुलुपं! पालकांनीच दिलेली. आणि पोलिश पोरं बसमधून उतरली, तर त्यांच्या सॅकच्या चेननाही छोटी कुलुपं. म्हणजे इकडून तयारी तशी तिकडूनही तयारी.

तिसऱ्या दिवशी एका जर्मन मुलाचा एमपीथ्री प्लेयर गायब झाला. कोणी काही बोललं नाही, पण जेवणाच्या टेबलांवर वीस पोरं एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे, अशी आपोआप फाळणी झाली. शुक्रवारी तो प्लेयर त्याच मुलाच्या खेळाच्या बुटात सापडला. मला वाटलं, आता तरी कोणी सॉरी म्हणेल. कोणीही म्हटलं नाही. पोलिश पोरांना बसमध्ये बसवलं आणि टाटा केला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओला नावाची एक गोड पोलिश मुलगी होती, तिला मी इंग्लिशमध्ये म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हणाली तिला सवय आहे, आणि वर मला समजावलं, "आमच्याकडे साफसफाईला युक्रेनच्या बायका येतात. त्या गेल्या की आजी चमचे मोजते. मोजावेच लागतात."

*

आता हा लुकासचाच. शहरात परदेशी लोक फार झालेत का, या विषयावर निबंध लिहायचा होता. लुकासने दोन पानं भरून लिहिलं की फार झालेत. मी म्हटलं, बाबा, आधी आपल्या वर्गातले मोज.

त्याने मान वळवून खरोखर मोजले. म्हणाला, "आमच्या वर्गात परदेशी कोणी नाही."

त्याच्या शेजारी तुआन बसला होता. आईवडील व्हिएतनामचे, पोरगा इथेच जन्मलेला, बोलतो ते असं अस्सल आमच्या सॅक्सनी प्रांताच्या खेड्यातलं जर्मन की मला निम्मं कळत नाही. मी विचारलं, मग हा कोण?

"तो तुआन आहे."

"आणि सानिका?"

"सानिका सानिका आहे."

"बरं, मी?"

"तुम्ही फ्राऊ शिंदे!" मी ठार वेडी असल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मग फार झालेत ते कोण?"

"बाकीचे," लुकास म्हणाला आणि निबंध पूर्ण करायला लागला. मुलगा मनाने वाईट नाही हो. माझी जड पिशवी रोज जिन्यावरून तोच उचलून न्यायचा. म्हणूनच तर हात टेकले मी.

*

दोन हजार आठ सरता सरता नितीनच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात कपात सुरू झाली. त्याचं पत्र आलं. नोकरी अजून चार महिने. आमच्या परमिटवर स्वच्छ छापलेलं होतं की ते याच कंपनीतल्या नोकरीपुरतं वैध. कायमचा परवाना मागायला पाच वर्षं भरावी लागतात, आमची सात महिन्यांनी भरणार होती. गणित माझं चांगलं आहे, पण चारातून सात काही केल्या जाईनात.

सानिका इथे आली तेव्हा दहा वर्षांची होती. तिला पत्र दाखवलं. तिने ते वाचलं आणि एवढंच विचारलं, नववी पूर्ण होईल का? मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. शाळेत कोणाला सांगायचं नाही, असं तिने आमच्याकडून वचन घेतलं.

पण यानाचे वडील त्याच कारखान्यात. याना म्हणजे माझी सगळ्यात आवडती विद्यार्थिनी, गरीब गाय. एका दुपारी समीकरण सोडवता सोडवता तिने हळूच विचारलं, नोकरी गेली की तुम्हा लोकांना परत पाठवतात, हे खरं का? मी म्हटलं, हो.

"मग पप्पांची नोकरी वाचेल बहुतेक," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुटल्यासारखं हसू आलं की मला रागावताही येईना. लगेच तिने वही पुढे सरकवली आणि विचारलं, इथे मायनसचं काय करायचं? मी सांगितलं काय करायचं ते.

*

त्याच रविवारी नाशिकहून माझ्या दिराचा फोन आला. स्पीकर चालू होता. "वहिनी, इकडे यूपी-बिहारवाल्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. एकेकाला धरून गाडीत बसवायला पाहिजे." आणि त्याच दमात, "बरं, तुमच्या परमिटचं काय झालं? एवढी शिकलेली माणसं ती जर्मनीची, पण माणुसकी म्हणून नाही बघा!"

सानिकाला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती पोळी खाता खाता म्हणाली, काका अगदी लुकास आहे. दिरांनी विचारलं, काय म्हणतेय पोर? मी म्हटलं, काका कसे आहेत विचारतेय.

नितीन हसला. त्या महिन्यात तो हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

*

आणि आता शेवटचा. हा मी आल्यागेल्याला सांगत नाही.

हेर फोग्टना वर्गात खेळ घ्यायची हौस. एका शुक्रवारी त्यांनी वर्गाचं परदेशी नागरिकांचं ऑफिस केलं आणि पालकांना बघायला बोलावलं. टेबलामागे पाच अधिकारी, समोर अर्जदार, मधे फाइली. कोणाला राहू द्यायचं आणि कोणाला परत पाठवायचं, ते पाच जणांनी मतं देऊन ठरवायचं. मुख्य अधिकारी चिठ्ठी टाकून निवडला. चिठ्ठी सानिकाची निघाली.

नितीन ऑफिसचा शर्ट घालून आला होता. आम्ही दोघं मागे बसलो. पहिल्या फाइलीत युक्रेनची नर्स होती, तिला हो. मग एका तुर्की आचाऱ्याची बायको, भाषेची परीक्षा नापास, तिला नाही. पालक कौतुकाने बघत होते.

चौथी फाइल घेऊन तुआन उभा राहिला आणि वाचायला लागला. अर्जदार भारतीय. इंजिनियर. बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. कारखान्यातली नोकरी गेली आहे, नवी मिळेपर्यंत मुदत हवी आहे.

हेर फोग्टना आमचं काहीही माहीत नव्हतं. ती फाइल ते दरवर्षी वापरायचे, हे मी नंतर विचारून घेतलं. पण तेव्हा ते मला कुठे माहीत! नितीनने माझा हात धरला होता, की मी त्याचा, आठवत नाही.

लुकास अधिकारी होता. तो म्हणाला, राहू द्या, मुलीचं शाळेचं वर्ष तरी होऊ दे. यानाही अधिकारी होती. तिने एकदा मागे माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली. बाकीच्या दोघांनी नाही म्हटलं. दोन आणि दोन. सगळा वर्ग सानिकाकडे बघायला लागला. कोणीतरी म्हणालंही, ही हो म्हणणारच, तिच्याच देशाचा आहे.

तिने आमच्याकडे पाहिलं नाही. कागद पुढे ओढला. तुआनला विचारलं, "आज नोकरी आहे?"

"शोधतोय."

"आज आहे का?"

"नाही."

"पाच वर्षं पूर्ण?"

"नाही."

"मग नाही," सानिका म्हणाली आणि तिने शिक्का मारला.

हेर फोग्ट खूश झाले. वर्गाला म्हणाले, बघा, भावना बाजूला ठेवून फक्त कागद वाचायचा तो असा. पालकांनी टाळ्या वाजवल्या. नितीननेही वाजवल्या. माझे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.

बसस्टॉपवर आम्ही तिघं उभे.  मग नितीनने तिला विचारलं. रागाने नाही हं, कारखान्यात एखादं मशीन का बंद पडलं ते विचारावं, तसं विचारलं.

"त्या अर्जाला अजून काय जोडलं असतं, म्हणजे तो पास झाला असता?"

सानिका बस येते त्या बाजूला बघत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "माझ्या खुर्चीवर दुसरं कोणीही असतं, तर झाला असता."