तुळशीवृंदावनाची परदेशी नोंद

घराण्याची निशाणी ही घराण्याची अब्रू असते आणि ती कोणी हिरावून घेऊ शकत नाही, असं माझा थोरला भाऊ म्हणायचा. ती हिरावून घ्यायला एक अर्ज पुरतो, हे आम्हाला पुढे कळलं.

आमची निशाणी म्हणजे तुळशीवृंदावन. पनवेलच्या आमच्या घरामागे ते खरोखरच होतं. दादाने मसाल्याचा धंदा काढला तेव्हा मिरची कुटायचा डंका बसवायला तेवढीच सपाट जागा होती, म्हणून वृंदावन काढलं. आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. भरपाई म्हणून दादाने पाकिटावर वृंदावन छापलं. पेंटरने ते हुबेहूब काढलं होतं, एका कोपऱ्याचा उडालेला टवका धरून. आईला ते पटलं. इतकं पटलं की ती पाकिटालाच तुळस मानू लागली, आणि घोटाळा तिथे झाला.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमचा मसाला न्हावा शेव्याहून आखातात जाऊ लागला होता. एके दिवशी माल तिकडच्या बंदरात अडकला. कारण असं की, आमच्या पाकिटावर दुसऱ्याची निशाणी होती. तो दुसरा म्हणजे तिथला आमचाच विक्रेता. पनवेलला आला की आमच्याकडे जेवायचा आणि जाताना आईच्या पाया पडायचा. त्याने आमचं वृंदावन तिथल्या सरकारदरबारी स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

दादाने फोन लावला. पलीकडचा आवाज दुखावलेला होता. "साब, मैंने तो आप ही के लिए किया. कोई और कर लेता तो?"

"मग आता आमच्या नावावर कर."

"करेंगे, करेंगे. पहले अगले दस साल का एग्रीमेंट तो हो जाए."

दादाने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. घरात इंग्रजी येणारा एकच माणूस असला की कुठल्याही देशाचा कायदा त्याच्याच गळ्यात पडतो.

फोर्टातल्या वकिलाकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, महिन्याभराचं काम असेल. वकिलाने शांतपणे सांगितलं की त्या देशात जो आधी अर्ज करतो त्याची निशाणी. ती रद्द करायची तर आपण त्याच्या आधीपासून तिकडे वापरत होतो हे दाखवावं लागेल. जुनी पाकिटं आणा, जुनी बिलं आणा.

मी घरी येऊन आईला जुन्या पाकिटांबद्दल विचारलं.

"ती खारीन सोरली," आई म्हणाली.

"खाडीत? सगळी?"

"मंग? त्यावर तुलस हाय. कचऱ्यान कशी टाकाची?"

फाटलेली, चुकीची छापलेली, परत आलेली पाकिटं ती गोणीत साठवायची आणि दर वर्षी निर्माल्याबरोबर खाडीत सोडायची. बिलांच्या डोक्यावरही दादाने हौसेने वृंदावन छापलं होतं. त्यामुळे जुनी बिलंही त्याच वाटेने गेली होती. वकिलाला हे सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढून विचारलं, "त्यातलं काही परत मिळण्यासारखं आहे का?" मी म्हणालो, भरतीला थोडं परत येतं. त्याने ते लिहून घेतलं. नंतर खोडलं.

मग दीड वर्ष कागदांचं. आधी कोर्टाबाहेरच्या नोटरीचा शिक्का, त्यावर मंत्रालयाचा, त्यावर वकिलातीचा. प्रत्येक शिक्का आधीचा शिक्का खरा आहे एवढंच सांगायचा. मूळ कागदात काय आहे, हे कोणीच वाचत नव्हतं. माझ्या सगळ्या रजा यात गेल्या. दादा रोज संध्याकाळी विचारायचा, "काही कळलं?" आणि मी म्हणायचो, "नाही." पुढे तो विचारताना नुसती हनुवटी वर करायचा आणि मी नुसती मान हलवायचो.

मधल्या काळात दादाने मला आमच्या नावाने नवा अर्जही करायला लावला. त्यावर तिकडच्या अधिकाऱ्याची शंका आली: चित्रातली वनस्पती या मसाल्यात आहे काय? नसल्यास ग्राहकाची दिशाभूल होत नाही काय?

"मसाल्यात तुळस?" दादा ओरडला. "तो येडा हाय का? कालवणात तुळस घालतो का कोणी?"

मी दोन पानी उत्तर लिहिलं. तुळशीचं स्थान, अंगण, सांजवात. मला ते आवडलं होतं. वकिलाने वाचलं आणि म्हणाला, "फार छान. धर्म काढा. नाहीतर नवीन शंका येईल." मी धर्म काढला. अंगण काढलं. सांजवात काढली. उरलं ते एका ओळीत मावलं, आणि ती ओळ मी घरी कोणाला दाखवली नाही.

पुरावा मात्र नव्हताच. तो सापडला मोहल्ल्यातल्या चाचींकडे. त्यांचे यजमान आखातात नोकरीला होते आणि विक्रेत्याच्याही आधीपासून दर सुट्टीला आमचा मसाला सोबत न्यायचे. ते वारून दोन वर्षं झाली होती. मी मुद्दाम गेलोही नव्हतो. ईदच्या शिरखुर्म्याला बसलो असताना माझं रडगाणं ऐकून चाची उठल्या आणि पत्र्याची पेटी उघडून आमचं एक पाकीट घेऊन आल्या. आत यजमानांचे रद्द झालेले पासपोर्ट होते.

"त्यांनी तिकडनंच असे गुंडाळून आणलेले," त्या म्हणाल्या. "तिखटाच्या पाकिटात कसर लागत नाही, बाबा. आमच्यात सगळ्या बायका कागद असेच ठेवतात."

पाकिटावर वृंदावन होतं, टवक्यासकट. खाली भरल्याचा महिना आणि साल. पासपोर्टावर त्याच सालचे त्याच देशाचे शिक्के. वकिलाने पाकीट उलटंसुलटं पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मग शिंकला.

"पाकीट परत आण हां," चाचींनी बजावलं होतं. ते आलं नाही. परदेशी फायलीला टाचलेली वस्तू परत येत नाही. मी त्यांना नवं पाकीट नेऊन दिलं. माल अडू नये म्हणून दादाने तोवर पाकिटावर नुसती लाल मिरची छापायला सुरुवात केली होती. चाचींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "तुलस कुठं गेली?" मी म्हणालो, येईल. आईही रोज तेच विचारत होती आणि तिलाही मी तेच सांगत होतो.

सगळी मिळून चार वर्षं गेली. शेवटी विक्रेत्याची नोंद रद्द झाली आणि आमच्या नावाचा दाखला आला. अरबीत, सोनेरी किनारीचा, सोबत इंग्रजी भाषांतर. दादाने त्याच दिवशी छापखान्यात जुन्या चित्राची ऑर्डर दिली. दाखला काचेत घालून डंक्याच्या वर, भिंतीवर लावला. म्हणजे साधारण जिथे पूर्वी वृंदावन होतं तिथेच. आईने हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली, पाच बायका बोलावल्या. त्यात चाचीही होत्या.

"काय लिवलंय रं त्यावर?" आईने विचारलं.

"वृंदावन आपलं आहे, असं."

"तुलशीचा नाव हाय ना?"

मी हो म्हणालो. सगळ्यांनी हात जोडले.

भाषांतरात माझीच ओळ जशीच्या तशी होती: कुंडीतील शोभेचे झाड. खाली तिकडच्या कचेरीची एक: रंगांवर हक्क सांगितलेला नाही.