टेबलाखालचे दोन तास

आमचे मोठे भाऊजी बळवंतराव म्हणजे नियमांचा माणूस. फरीदाबादच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनं सांभाळली, पण सेफ्टी स्विच बंद ठेवून कधी काम केलं नाही. साहेब चिडले, बढती गेली, तरी नाही. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये आले की आधी गॅसची नळी तपासणार, मग पाणी पिणार. मला रागच यायचा, खोटं कशाला बोलू!

त्याच माणसाने मे महिन्यातल्या एका रविवारी नियम मोडला, आणि तोही माझ्यापायी.

दिल्लीत आंधी आली की घरभर धूळ. म्हणून मी जुन्या साडीचं, काठ लावून, कॉम्प्युटरच्या डब्याला घट्ट कव्हर शिवलं होतं. मशीन चालू असलं तरी ते काढायचं नाही, असा माझा हुकूम. त्या रविवारी एक वाजता अनुष्काची, माझ्या लेकीची, डिझाइन कॉलेजची ऑनलाइन परीक्षा होती. शेवटची संधी. सकाळी सराव करायला बसली, तर एक क्लिक केलं की अर्धं मिनिट काही हलेना. मी इंटरनेटवाल्याला फोनवर यथेच्छ झापलं.

त्या दिवशी आमच्याकडेच आलेल्या भाऊजींनी कव्हर काढून डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. आतला पंखा धूळ खाऊन बंद पडला होता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो, ते म्हणाले. बिघडलेला नाही, जीव वाचवतोय बिचारा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी नेहरू प्लेसचा कॉम्प्युटर बाजार बंद, नवा पंखा आणणार कुठून? माझ्या नवऱ्याच्या, अविनाशच्या, लॅपटॉपवर ऑफिसवाले दुसरं काही टाकूच देत नाहीत. टेबल फॅन लावून पाहिला, तर परीक्षेच्या सॉफ्टवेअरने आवाजाबद्दल लगेच ताकीद दिली. कूलरही बंद. खोलीत दुसरं माणूस नको, पडद्यावरून नजर हलायला नको. तीन ताकिदी झाल्या की परीक्षा रद्द.

भाऊजींनी टेबलाखालच्या डब्याचं झाकण उघडलं आणि हातपंखा मागितला. सहासष्ट वर्षांचा, बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस, टेबलाखाली पडद्याकडे पाठ करून बसला. कॅमेऱ्याला ते दिसणार नव्हते.

"उत्तर सांगायला बसलेलो नाही मी," मला म्हणाले. "पण चूक ती चूकच. दार लाव."

बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी दाराला कान लावून बसले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दीड वाजला, दोन वाजले. पाणी न्यावं तर दाराचा आवाज होईल. अविनाश म्हणाला, बस झालं, दादाला बाहेर काढू. मी त्याचा हात धरून ठेवला. लेकीच्या वर्षापुढे मला दीर दिसत नव्हता, हे आज कबूल करते.

दोन चाळीसला आत खुर्ची पडली. आम्ही धावलो. अनुष्का टेबलाखाली शिरून काकांचा चेहरा दोन्ही हातांनी धरून बसली होती. भाऊजी घामाने निथळत होते, पण शुद्धीवर होते.

"अगं, हात बदलत होतो नुसता," ते म्हणाले. "पेपर?"

पंख्याचा वारा अनुष्काच्या पायाला लागायचा थांबला, आणि खाली बघायची सोय नव्हती. तिने पेपर देऊन टाकला होता. वीस मिनिटं बाकी होती आणि चार प्रश्न.

भाऊजी भडकले. पंखा थांबला तरी मशीन नुसतं हळू झालं असतं, बंद पडलं नसतं, सकाळीच सांगितलं होतं ना?

"मशीनचं माहीत होतं, काका," ती म्हणाली. "तुमचं नव्हतं."

निकालात दोन गुणांनी तिची निवड हुकली. भाऊजी दर फोनला विचारतात, किती कमी पडले? अनुष्का सांगते, खूपच, काका, ते चार सोडवले असते तरी काही झालं नसतं.