आर्मररांचे आठ दिवस

माणसाच्या खिशात काय आहे हे आर्मररांना त्याच्या चालण्यावरून कळायचं. इमारतीखाली एक लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी, मधे दीड मीटर जागा सोडून बसायचो. समोरून एखादा डच माणूस येताना दिसला की ते हळूच म्हणायचे, "ताई, उजव्या खिशात किल्ल्या आहेत. जुडगा मोठा आहे. त्याचा उजवा हात बघा, डाव्यासारखा मोकळा हलत नाही." तो माणूस आपल्या सायकलीपाशी थांबायचा आणि खरंच उजव्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढायचा. मी तोंडाला पदर लावून हसायचे. त्या दिवसांत हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पुण्याला कॅम्पातल्या एका बंदुकांच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं काम केलं होतं. हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला आर्मरर म्हणतात, ते त्यांचं कामाचं नाव. डीमन या डच गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना त्याच नावाने ओळखायची. बायको गेल्यावर ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे, निखिलकडे आले होते. मीही त्याच थंडीत आले होते. माझी मुलगी वैशाली हिची रजा संपली होती आणि सात महिन्यांच्या ईराला सांभाळायला कुणी नव्हतं. मग करोनामुळे विमानं बंद झाली आणि आम्ही दोघंही अडकलो. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या.

मला परक्या माणसाशी बोलता येत नाही. चौथी शिकलेली बाई, इंग्रजी नाही, डच नाही. लिफ्टमध्ये कुणी सकाळचं नमस्कारासारखं "खुदेमॉर्खन" म्हणालं की मी भिंतीकडे बघायचे. आर्मरर सगळ्यांना खणखणीत "राम राम" घालायचे. पलीकडची म्हातारी डच बाई तर पुढे पुढे स्वतःच लांबून "राम राम" म्हणू लागली. ते म्हणायचे, "ताई, तुम्ही आपलं मराठीतच लाजा. पण निदान वर बघून लाजा."

दुकानात त्यांचं खरं काम दुरुस्तीचं, पण परवाना मिळालेला नवा माणूस आला की मालक त्यालाही त्यांच्यापुढे बसवायचा. बिल्डर, सराफ, पुढारी अशी माणसं यायची. सगळ्यांना एकच हवं असायचं, शर्टाखाली दिसू नये असं लहान पिस्तूल. त्यातलं कोणतं घ्यावं हे आर्मरर लगेच सांगायचे नाहीत. ते प्रश्न विचारायचे. शर्ट खोचता की बाहेर सोडता? गाडी स्वतः चालवता का? घरी गेल्यावर पँट कुठे टांगता? मूल कडेवर कोणत्या बाजूला घेता? एक बिल्डर चिडून म्हणाला होता, "अहो, पिस्तूल विकताय का मुलगी देताय?" यावर त्यांनी उत्तर दिलं होतं, "मुलगी असती तर एवढं विचारलं नसतं साहेब. ती तुम्हाला उलट बोलली असती."

प्रश्न झाले की ते कपाटातून लाकडी ठोकळे काढायचे. प्रत्येक पिस्तुलाच्या मापाचा एक ठोकळा त्यांनी स्वतः तासून, आत शिसं भरून बरोबर तेवढ्या वजनाचा केला होता. गिऱ्हाइकाने तो आठ दिवस कमरेला लावून हिंडायचं, जेवायचं, गाडी चालवायची आणि आठव्या दिवशी परत यायचं. मग आर्मरर एकच प्रश्न विचारायचे, "कुठे टोचलं?" कितीतरी माणसं ठोकळा परत द्यायला आली ती पिस्तूल न घेताच गेली. मालक कपाळाला हात लावायचा, पण चुकीचं हत्यार विकलं गेलं असं त्यांच्या हातून कधी होत नाही म्हणून गप्प बसायचा. कधी नाही, असं नव्हतं. ते मला पुढे कळलं.

आम्ही असे अडकलेलो असतानाच माझ्या सुनीलच्या पिस्तुलाचा विषय निघाला. सुनील माझा धाकटा. गावाकडे त्याचा खडीचा क्रशर होता, चुलतभाऊ दत्तूबरोबर भागीत. भागी तुटली, शिवीगाळ झाली, आणि "बघून घेतो" असं दत्तू चारचौघांत म्हणाला. सुनीलने वर्षभर खेटे घालून पिस्तुलाचा परवाना मिळवला. मुदतीत हत्यार घ्यायचं होतं. टाळेबंदी उठली, दुकान उघडलं की तो घेणार होता. त्याने माझ्या फोनवर दोन पिस्तुलांचे फोटो पाठवले. एक पातळ, एक थोडं जाड. "आई, तुमच्या त्या आर्मररांना विचार, रोज अंगावर वागवायला यातलं कोणतं बरं. आणि वैशूला सांगू नको. ती रडून घर डोक्यावर घेईल."

दत्तूला मी पाजलेलं आहे. त्याची आई बाळंतपणात आजारी होती तेव्हा सुनील एका बाजूला आणि दत्तू एका बाजूला असे दोघे माझ्याकडे असायचे. हे मी आर्मररांना सांगितलं. एवढं मी कुणाशी कधी बोलले नव्हते. शेवटी मी म्हणाले, "दादा, तुम्ही त्याला नको म्हणा ना."

ते बराच वेळ फोटो बघत राहिले. "ताई, मी नको म्हटलं तर तो दुसऱ्या कुणाला विचारेल. नको हे त्याच्याच कमरेनं म्हणायला पाहिजे. लावा फोन."

बाकावर मधोमध फोन ठेवला आणि दोघं दोन टोकांना बसलो.

"सुनीलराव, शर्ट खोचता की बाहेर?"

"बाहेर. काका, ते जाऊ द्या. पातळ घेऊ का जाड? पातळ कुणाला दिसायचं नाही."

"गाडी स्वतः चालवता?"

"हो. काका, पिस्तूल घ्यायचंय मला, सोयरीक नाही जमवायची."

"सोयरीक परवडली, सुनीलराव. ती मोडता येते." आर्मरर खुशीत आले होते. "आता ऐका. तुमचं खडीचंच काम आहे. दोन दगड शोधा. पातळासाठी अर्ध्या किलोचा, जाडासाठी पाऊण किलोचा. फडक्यात बांधा आणि पिस्तूल जिथं लावणार तिथं लावून फिरा. पहिले चार दिवस हलका, पुढचे चार भारी. रोज संध्याकाळी आईला सांगायचं, कुठे टोचलं."

"दगड बांधून फिरू? लोक हसतील."

"पण कुणाला दिसायचं नाही म्हणालात ना आत्ताच?"

पलीकडे सुनील हसला. पुष्कळ दिवसांनी त्याला हसताना ऐकलं.

मला त्यातलं काही कळेना म्हणून त्यांनी माझ्यासाठी एक ठोकळा तासला. फळांच्या खोक्याची फळी आणि स्वयंपाकघरातली सुरी, एवढ्यावर. तो इतका हुबेहूब झाला की निखिल घाबरला. "बाबा, हे घेऊन खाली गेलात तर पोलीस येतील. इथे नकली हत्यारसुद्धा चालत नाही." तेव्हा त्यांनी पुढची नळी कापून टाकली. साबणाच्या वडीसारखा तुकडा उरला. त्याला खालून जुनी वजनं चिकटवून तो बाकावर माझ्या बाजूला सरकवला. "एक दिवस कमरेला खोचून बघा. मुलगा काय करतोय ते तुम्हाला कळू दे."

मी तो निऱ्यांच्या बाजूला खोचला आणि वरून स्वेटर घातला. घरात कुणालाच काही दिसलं नाही. दुपारपर्यंत मीही विसरले. मग ईरा झोपेतून रडत उठली आणि मी तिला उचलून कडेवर घेतलं. ती थांबेचना. भूक असेल म्हणून दूध दिलं, थोपटलं, खिडकीतून ट्राम दाखवली. शेवटी तिला खाली ठेवलं तेव्हा तिच्या मांडीवर लाल चौकोन उमटलेला दिसला. ठोकळ्याच्या कडेचा.

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा आर्मरर हसले नाहीत. चिकूच्या बियांसारखे त्यांचे डोळे एरवी सारखे हलत असायचे, ते एका जागी थांबले. मग त्यांनी मला एका सराफाची गोष्ट सांगितली. नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांनी त्याला सगळ्यात पातळ, सगळ्यात हलकं पिस्तूल निवडून दिलं होतं. "अंगावर आहे हे विसरून जाल, असं मी अभिमानानं म्हणालो होतो. तो विसरला. पँट खुंटीला तशीच टांगली. त्याच्या सात वर्षांच्या मुलीच्या हाताला ते लागलं, गोळी सुटली. वाचली, पण एक पाय अधू झाला. आमच्या दुकानावरूनच शाळेत जायची. ती येताना दिसली की मी आत जाऊन कानशी शोधत बसायचो. तेव्हापासून ताई, मी माणसांचं चालणं बघतो. सगळे विक्रेते सांगतात, टोचणार नाही ते घ्या. मी सांगतो, टोचेल तेच घ्या. जे टोचत नाही ते माणूस विसरतो."

सुनीलचे निरोप येत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कुठेच नाही टोचलं. दगड आहे हेच विसरलो होतो." आर्मररांनी लगेच निरोप दिला, "मग तो फोटो पुसून टाका. पातळ बाद." पाचव्या दिवशी त्याने भारी दगड बांधला. जेवायला मांडी घालताना टोचला, म्हणाला. "चांगलं आहे," आर्मरर म्हणाले आणि खोकले. मी त्यांच्याकडे बघितलं. "काही नाही, इथल्या हवेनं," ते म्हणाले आणि नेहमीपेक्षा लवकर वर गेले.

सहाव्या दिवशी ते खाली आले नाहीत. निखिलने हाऊसआर्ट्सला, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांना फोन केला होता. दुपारी अॅम्ब्युलन्स आली. आवाज न करता आली. मी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून बघितलं. ते स्वतःच्या पायांनी चालत गेले. दारातल्या डच माणसाला त्यांनी हात जोडले. त्यांनी वर बघितलं की नाही मला सांगता येत नाही, कारण मी पडद्यामागे सरकले होते.

त्याच संध्याकाळी सुनीलचा फोन आला. मी तो न्हाणीघरात जाऊन घेतला.

"आई, आज दत्तू समोर आला. क्रशरवर. आम्ही दोघं काही बोललोसुद्धा नाही. माझा हात आपोआप कमरेवर गेला. दगडावर. आणि दत्तूनं ते बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. तो एक पाऊल मागे गेला. आई, दत्तू मला घाबरला. माझ्या खांद्यावर हात टाकून जत्रा हिंडायचा तो. नुसत्या दगडानं माझा हात असा गेला. खरं असतं तर कुठं गेला असता? काकांना सांग, आठ दिवसांची गरज नाही. टोचलं. मी परवाना परत करतो."

मी नळ सोडून रडले. बाहेर वैशालीने विचारलं, काय झालं. म्हटलं, साबण गेला डोळ्यात. एकच मनात होतं, आर्मररांना सांगायचं. ते घरी आले की बाकावर बसून सावकाश सांगायचं असं ठरवलं. दत्तू एक पाऊल मागे गेला, हे त्यांना कसं सांगायचं याचे शब्दही मी ईराला झोपवताना जुळवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निखिलने वैशालीला व्हिडिओवर फोन केला. त्याच्या घरातल्या सगळ्यांना बाहेर पडायची बंदी होती. मी त्यांच्या दाराच्या मुठीला रोज डबा अडकवून येत होते. तो म्हणाला, "काकू, बाबांना नर्सनं फोन धरून दिलाय. त्यांना तुमच्याशी बोलायचं म्हणतात. जोडतो."

फोनमध्ये ते दिसले. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क, केस विस्कटलेले. डोळे मात्र हलत होते. वैशाली फोन धरून माझ्या खांद्याशी उभी होती, आणि तिच्यामागे जावई.

त्यांनी भुवया उंचावल्या. सुनीलचं काय झालं, हे ते विचारतायत हे मला कळलं. तोंडाने त्यांनी विचारलं मात्र नाही. वैशाली शेजारी आहे हे त्यांना दिसत होतं, आणि तिला यातलं काही ठाऊक नाही हे माहीत होतं. माझी गोष्ट त्यांनी अशा वेळीही सांभाळली. मला नुसतं "दादा, तो नको म्हणाला" एवढं म्हणता आलं असतं. वैशालीने कोण, काय असं विचारलं असतं, मी काहीतरी सांगितलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. माझी जीभ उचलली नाही.

"लवकर बरे होऊन या," मी म्हणाले.

ते थांबून राहिले. मी आणखी काही म्हणेन म्हणून तसेच माझ्याकडे बघत राहिले. मग नर्स काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला.

दवाखान्यात नेल्याच्या तिसऱ्या दिवशी ते गेले. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. बाकीच्यांना फोनवर बघायची सोय करून दिली होती. वैशालीने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. एका स्वच्छ खोलीत एक पेटी होती आणि निखिल घरातूनच, फोनवर, मराठीत काहीतरी वाचत होता. मधेच चित्र अडकलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा पेटी तिथे नव्हती.

सुनीलने परवाना परत केला. क्रशरचा मोठा वाटा दत्तूकडे गेला. सुनील आता दुसऱ्याच्या टिपरवर चालक आहे. तो घरी जेवायला येतो, हातपाय धुतो, पोरांवर ओरडतो. हे सगळं मला फोनवरून ऐकू येतं. प्रत्येक वेळी मला वाटतं, कुणाला तरी हे सांगायला पाहिजे.

बंदी संपल्यावर निखिल आमच्या दाराशी आला. डब्यांची रास परत द्यायला. धुऊन, पुसून आणली होती. दोन पावलं लांबच उभा राहिला. दाढी वाढली होती. मला म्हणाला, "काकू, एक विचारायचं होतं. बाबा शेवटचे दोन दिवस फोनवर सारखं म्हणत होते, ताईंचा निरोप आला का? मी विचारलं, कसला निरोप, तर सांगितलं नाही. म्हणाले, तो त्यांचा आहे. कसला निरोप होता?"

माझ्यामागे वैशाली ईराला घेऊन उभी होती.

"काही नाही रे," मी म्हणाले. "सहज."

तो बरं म्हणाला आणि वळला. लिफ्टने न जाता जिन्याने उतरू लागला. त्याच्या पावलांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. त्याचं दार उघडेपर्यंत हाक मारता आली असती.